क्लाउड खर्च तपासणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे?

प्रश्न: गंगापूररोडकर

सर्वांना नमस्कार.

आमची नाशिकमधली छोटी कंपनी द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर चालवते. बागेतून आलेल्या मालाची नोंद, पेट्यांवरची लेबले, शीतगृहातल्या तापमानाच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रे असे त्याचे स्वरूप असून सगळी यंत्रणा एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांत) आहे. दरमहा येणाऱ्या बिलाची छाननी आजवर मी स्वतः करत आले. आता संचालकांनी मराठीत प्रश्न विचारावा आणि एका एआय एजंटने कॉस्ट एक्सप्लोरर या एडब्ल्यूएसच्या खर्च दाखवणाऱ्या सेवेतून आकडे काढून उत्तर द्यावे, असा आमचा प्रयत्न चालू आहे. त्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या एजंटला बाहेरची साधने जोडण्याच्या मानकाचा एक सर्व्हर लिहून त्यात ७ टूल्स, म्हणजे एजंटला बोलावता येणारी फंक्शन्स, ठेवली आहेत.

टूल्स व्यवस्थित चालतात, एररही येत नाही. तरीही उत्तरे चुकतात, आणि ती इतक्या ठामपणे दिलेली असतात की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. डिसेंबरचा खर्च विचारला तेव्हा एजंटने १ डिसेंबर ते ३१ डिसेंबर अशा तारखा दिल्या. कॉस्ट एक्सप्लोररच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने माहिती मागवण्याच्या मार्गात) सुरुवातीचा दिवस धरला जातो, शेवटचा धरला जात नाही, त्यामुळे ३१ तारखेचा खर्च गळाला. दुसऱ्या एका उत्तरात त्याला वापराच्या प्रकारापुढे ‘एपीएस३’ ही अक्षरे दिसली. बिलिंगमध्ये हा मुंबई रीजनचा संकेत आहे. पण एजंटने त्याचा अर्थ एपी-साउथईस्ट-३ असा लावला आणि आपली यंत्रणा जकार्तामध्ये चालत असल्याचे संचालकांना कळवले. त्या दिवशी मला बराच वेळ फोनवर खुलासे करावे लागले. नॅट गेटवेचा (खासगी सर्व्हरना इंटरनेटपर्यंत नेणाऱ्या सेवेचा) खर्च विचारला असता ‘असा खर्च आढळला नाही’ असे उत्तर आले, कारण त्याने ईसी२च्या कम्प्यूट सेवेत (भाड्याच्या सर्व्हरच्या खर्चात) शोधले होते आणि नॅट गेटवेची रक्कम ‘ईसी२-अदर’ या नावाखाली पडते. ज्याने एकदा बिल उघडून पाहिले आहे त्याला हे ठाऊक असते. एजंटने बिल कधी उघडून पाहिलेले नाही.

मुख्य टूलचे आमचे वर्णन असे होते: ‘दिलेल्या कालावधीचा क्लाउड खर्च आणते. पॅरामीटर: सुरुवात, शेवट, गट, मेट्रिक.’ हे अपुरे आहे म्हणून मी दुसऱ्या टोकाला जाऊन अधिकृत दस्तऐवजातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा तिथे आणून ठेवला. तेव्हा प्रत्येक प्रश्नाला लागणारी टोकन्स (मॉडेल वाचते ते मजकुराचे तुकडे) वाढली आणि एजंट चुकीचे टूल निवडू लागला.

म्हणून विचारते: वर्णनात नेमके काय लिहावे, आणि जे तिथे लिहायचे नाही ते कुठे ठेवावे?

उत्तर: अंबड लिंक रोड

ताई, आपले पहिले वर्णन चुकीचे नाही, ते दुसऱ्या वाचकासाठी लिहिलेले आहे. प्रोग्रॅमर जेव्हा एखाद्या फंक्शनचे वर्णन वाचतो तेव्हा आपल्याला काय हवे आहे हे त्याला आधीच माहीत असते आणि ते कसे मागायचे एवढेच त्याला शोधायचे असते. एजंटचे उलटे आहे. कसे मागायचे हे त्याला स्कीमातून, म्हणजे पॅरामीटरांच्या ठरलेल्या मांडणीतून, कळते. मिळालेला आकडा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे की नाही, हे मात्र त्याला कुठूनच कळत नाही. म्हणून टूल काय देते हे एका वाक्यात संपवून ते काय देत नाही आणि त्याचा आकडा कुठे फसवतो, यावर बाकीची जागा खर्च करावी, असे माझे मत झाले आहे.

आपल्या टूलचे वर्णन मी साधारण असे लिहीन. प्रत्यक्षात ते इंग्रजीत ठेवतो, येथे मराठीत देतो:

‘एडब्ल्यूएसचा खर्च अमेरिकी डॉलरमध्ये, दिवसागणिक किंवा महिनागणिक देते. खर्च वाढला की घटला आणि कोणत्या सेवेमुळे, अशा प्रश्नांसाठी वापरावे. एका विशिष्ट सर्व्हरचा किंवा डिस्कचा खर्च यातून मिळत नाही. त्यासाठी रिसोर्स_खर्च वापरावे. शेवटच्या दोन दिवसांचे आकडे अपुरे असू शकतात, त्यांवरून घट झाल्याचा निष्कर्ष काढू नये. क्रेडिटची (एडब्ल्यूएसने दिलेल्या सवलतीची) रक्कम वजा झालेली असते, म्हणून एकूण शून्य आले तरी वापर शून्य समजू नये. नॅट गेटवे आणि ईबीएस डिस्क यांचा खर्च ईसी२-अदर या सेवेत दिसतो.’

यातले शेवटच्या दोन दिवसांचे वाक्य आम्हाला महागात पडल्यावर सुचले. कॉस्ट एक्सप्लोररमधली माहिती २४ तासांतून किमान एकदा ताजी होते, म्हणजे सकाळी १० वाजता कालचा आकडा मागितला तर तो अर्धाच भरलेला असू शकतो. आमच्या एजंटने सलग तीन दिवस ‘काल खर्च निम्म्यावर आला’ अशी आनंदवार्ता दिली आणि चौथ्या दिवशी कोणी ती वाचेनासे झाले. एपीआयच्या उत्तरात प्रत्येक कालखंडासोबत ‘एस्टिमेटेड’, म्हणजे आकडा अजून अंदाजी आहे की नाही, हे सांगणारा रकाना येतो. आमचे टूल तो गाळून टाकत होते, कारण लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नव्हती.

मेट्रिकविषयी, म्हणजे खर्च कोणत्या पद्धतीने मोजायचा याविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठ्या रकमेच्या चुका तिथे होतात. समजा, आपण १ एप्रिलला वर्षभराच्या सेव्हिंग्ज प्लॅनचे (ठरावीक वापराची हमी देऊन सवलत घेण्याच्या योजनेचे) ३,६५० डॉलर आगाऊ भरले. अनब्लेंडेड कॉस्टमध्ये ही सारी रक्कम १ एप्रिलवर पडते, त्या दिवशी खर्चाचा डोंगर उभा राहतो आणि पुढचे वर्ष स्वस्त दिसते. अमॉर्टाइज्ड कॉस्टमध्ये तीच रक्कम रोज १० डॉलर अशी पसरते. दोन्ही आकडे खरे आहेत. बीजकाशी मेळ घालायचा असेल तर पहिला आणि आजच्या यंत्रणेचा खरा भार किती हे पाहायचे असेल तर दुसरा घ्यावा लागतो. मात्र वर्णनात ‘मेट्रिक: अनब्लेंडेड किंवा अमॉर्टाइज्ड’ एवढेच लिहिले, तर एजंट त्यातला कुठलाही उचलतो आणि एकाच संभाषणात आधी एक, नंतर दुसरा वापरून दोहोंची तुलनाही करून टाकतो. आम्ही पॅरामीटरचे नावच बदलले: ‘हेतू’, आणि त्याला दोनच मुभा ठेवल्या, ‘बीजक_जुळणी’ आणि ‘रोजचा_भार’. स्कीमामध्ये ठरावीक पर्यायांची यादी दिली की तिच्याबाहेरची किंमत सर्व्हर नाकारू शकतो. कोणत्या हेतूला कोणते मेट्रिक लावायचे हे टूलच्या आत ठरते. एजंटला लेखाशास्त्र शिकवण्याची गरज उरत नाही.

माझा एकूण नियम असा आहे की जी चूक कोडमध्ये बुजवता येते ती वर्णनात समजावत बसू नये. ‘एपीएस३’ एजंटपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे ‘मुंबई’ करून टाका. शेवटची तारीख धरून घेणारे टूल लिहा आणि एडब्ल्यूएसकडे पाठवताना आत एक दिवस वाढवा. वापराचे प्रमाण, म्हणजे यूसेज क्वांटिटी, एकक न विचारता देऊच नका. एककानुसार गट न पाडता ते मागितले तर एपीआय तास आणि गीगाबाइट निमूटपणे एकत्र मिळवून एक आकडा हातात ठेवते. पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचे क्विंटल आणि टोमॅटोच्या जाळ्या यांची बेरीज करून आज किती माल आला हे सांगण्यासारखेच ते आहे.

उत्तर: सिडकोतला एक अभियंता

वरच्या उत्तरातील बहुतेक भाग मला मान्य आहे. पण शेवटच्या तारखेविषयीचा सल्ला तसाच अमलात आणला तर आपण एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडाल. आम्ही पडलो आहोत.

एजंटमागचे भाषा मॉडेल कोऱ्या पाटीने येत नाही. एडब्ल्यूएसचे एपीआय अनेक वर्षे सार्वजनिक असल्याने त्याविषयीचा मजकूर मॉडेलने शिकताना वाचलेला असतो आणि शेवटचा दिवस धरला जात नाही हेही त्याला बऱ्याचदा ठाऊक असते. त्यामुळे आमचा एजंट डिसेंबरसाठी कधी ३१ डिसेंबर पाठवत असे, तर कधी स्वतःच शहाणपणाने १ जानेवारी. टूलच्या आत एक दिवस वाढवायला सुरुवात केल्यावर पहिल्या प्रकारची उत्तरे दुरुस्त झाली, पण दुसऱ्या प्रकारात १ जानेवारीचा खर्चही डिसेंबरमध्ये शिरला. पूर्वी एक दिवस कमी पडत होता, आता कधी बरोबर तर कधी एक दिवस जास्त, म्हणजे चूक पकडणे अधिकच अवघड झाले. आपण प्रसिद्ध एपीआयवर स्वतःचे आवरण घालतो तेव्हा ते मूळ वागणुकीपेक्षा वेगळे असल्यास तो फरक पॅरामीटरच्या नावातच ओरडून सांगितला पाहिजे. आम्ही ‘शेवट’ हे नाव टाकून ‘शेवटचा_दिवस_धरून’ असे लांबलचक नाव ठेवले आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत ‘१ डिसेंबर ते ३१ डिसेंबर, दोन्ही दिवस धरून, ३१ दिवस’ असे परत छापायला लागलो. दिवसांची संख्या छापल्यामुळे पुष्कळ फरक पडला, कारण ३२ हा आकडा दिसला की एजंट स्वतःच थबकतो आणि पुन्हा मागणी करतो.

यावरून माझा मतभेदाचा मुख्य मुद्दा असा की वर्णनापेक्षा टूलचे उत्तर ही दस्तऐवजाची अधिक चांगली जागा आहे. सातही टूल्सची वर्णने प्रत्येक प्रश्नाच्या वेळी एजंटपुढे असतात, मग प्रश्न नॅट गेटवेचा असो वा नसो. उत्तरासोबत जाणारी सूचना मात्र गरज असते तेव्हाच जाते आणि आकड्याला चिकटून जाते. ‘आकडे अपुरे आहेत’ हे वाक्य वर्णनात हजार वेळा वाचले जाण्यापेक्षा मागितलेल्या कालावधीत कालचा दिवस असेल तेव्हाच उत्तरात यावे. चलन, एकक, मेट्रिक, क्रेडिट धरले की वगळले आणि एस्टिमेटेड आहे की अंतिम, या गोष्टी आमचे प्रत्येक उत्तर सोबत घेऊन येते.

रिकाम्या उत्तराचा आपण उल्लेख केला आहे, त्यातही हेच आहे. सेवेचे नाव एका अक्षराने चुकले तरी कॉस्ट एक्सप्लोरर तक्रार करत नाही, शून्य देते. शून्य हे उत्तर आहे की न सापडल्याची खूण, हे एजंटने कसे ओळखावे? आमचे टूल आधी त्या कालावधीतली सेवांची खरी नावे गेट-डायमेन्शन-व्हॅल्यूजने काढून जवळ ठेवते आणि नाव त्यात नसेल तर ‘या नावाची सेवा नाही, जवळची नावे अशी’ असे सांगून पाच नावे देते. एररचा मजकूर हा एजंट सर्वांत लक्षपूर्वक वाचतो असा माझा अनुभव आहे, आणि आपण सारे तोच सर्वांत निष्काळजीपणे लिहितो.

जाता जाता: आमचे काही काम गूगल क्लाउडवर आहे, तिथे बिलिंगची निर्यात बिगक्वेरी या डेटाबेसमध्ये होते आणि एका ओळीत क्रेडिटची यादीच दडलेली असते. ती यादी उलगडून खर्चाची बेरीज केली की एकेका ओळीचा खर्च जितकी क्रेडिट्स तितक्या वेळा मोजला जातो. एजंटला मोकळी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) लिहू देणारे टूल असेल, तर हे एक वाक्य तिथे वर्णनातच ठेवावे लागते, कारण उत्तर येईपर्यंत चूक होऊन गेलेली असते. तेव्हा वर्णन निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही.

उत्तर: नाशिक रोडचा हिशेबनीस

मी संगणकातला माणूस नाही. लेखापालाचे काम करतो आणि दोन सॉफ्टवेअर कंपन्यांची खाती माझ्याकडे असल्याने असले अहवाल माझ्या टेबलावर येतात. वरील चर्चेत ‘खर्च’ हा शब्द सर्वांनी एकाच अर्थाने घेतला आहे, त्याबद्दल लिहितो.

संचालक जेव्हा खर्च म्हणतात तेव्हा बहुधा बँकेतून किती पैसे जाणार हे त्यांच्या मनात असते. मी खर्च म्हणतो तेव्हा त्या महिन्याच्या खात्यावर किती पडला हे माझ्या मनात असते. आणि अभियंत्याच्या मनात वापर गुणिले दर. आमच्याकडच्या कंपनीचे बीजक रुपयांत येते, एजंटचे आकडे डॉलरमध्ये, आणि बीजकावर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणीकृत कंपनीला या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत असेल, तर तो खर्चात धरून ‘क्लाउड महागले’ म्हणणे चूक. पण येत्या आठवड्यात किती रक्कम तयार ठेवायची या प्रश्नाला तो धरलाच पाहिजे. माझ्या माहितीप्रमाणे कॉस्ट एक्सप्लोररमध्ये कराची नोंद वेगळ्या प्रकाराने ओळखता येते, तेव्हा वरच्या ‘हेतू’ या कल्पनेत एक तिसरा हेतू, ‘रोकड’, घालावा असे सुचवतो.

रुपयांत रूपांतराविषयी एक कळकळीची विनंती. एजंटला डॉलरचा दर त्याच्या आठवणीतून घेऊ देऊ नका. आमच्याकडच्या एका अहवालात रुपयांचे आकडे बीजकाशी जुळेनात, आणि दोन तास घालवल्यावर कळले की त्याने कुठला तरी जुना दर मनानेच लावला होता. दर हा टूलने द्यावा, तो बीजकावरचा असावा, आणि तो उपलब्ध नसेल तर उत्तर डॉलरमध्येच थांबावे.

दुसरी गोष्ट काळाच्या शब्दांची. ‘या वर्षी’ म्हटले की माझे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि पहिली तिमाही जूनमध्ये संपते. एजंटचे वर्ष जानेवारीत सुरू होते. ‘गेल्या पंधरवड्यात’ याचे त्याने कधी १४ दिवस केले, कधी १५, तर कधी चालू महिन्याचे पहिले १५. ‘दिवाळीपासून’ म्हटल्यावर तर तो कुठली तारीख धरेल याचा नेम नाही. आणि मराठीतला ‘परवा’ हा मागचाही असतो आणि पुढचाही. बोलताना क्रियापदावरून कळतो, पण ‘परवाचा खर्च’ एवढेच लिहिले तर माणसालाही विचारावे लागते. टूलने असले शब्द घेऊ नयेत, फक्त तारखा घ्याव्यात, आणि एजंटने उत्तराच्या आरंभी त्या तारखा लिहाव्यात म्हणजे गैरसमज झाला असेल तर तो वाचणाऱ्याच्या नजरेस पडेल. वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष, ही व्याख्या मात्र कुठल्याही एका टूलची नाही. ती एजंटच्या सर्वसाधारण सूचनांत एकदाच असावी.

उत्तर: पंचवटीकर

दोन गोष्टी राहिल्या आहेत, थोडक्यात लिहितो.

कॉस्ट एक्सप्लोररच्या प्रत्येक एपीआय मागणीला ०.०१ डॉलर लागतो आणि उत्तराची पाने असतील तर प्रत्येक पानाला पुन्हा तेवढाच. रक्कम क्षुल्लक वाटते, पण रोज ४०० मागण्या करणारा एजंट महिन्याला १२० डॉलर घेऊन जाईल. खर्च शोधायला ठेवलेल्यानेच बिलात स्वतःची ओळ लिहावी हे बरे नव्हे. प्रत्येक सेवेसाठी वेगळी मागणी न करता सेवेनुसार गट पाडून एकदाच मागावे, हे वर्णनात लिहा, आणि बंद झालेल्या महिन्यांची उत्तरे साठवून ठेवा, कारण ती सहसा बदलत नाहीत.

दुसरे असे की टॅगची (सर्व्हर वगैरेंना लावलेल्या लेबलांची) नावे आणि सर्व्हरची नावे हा कोणीही टंकलेला मजकूर असतो. ‘हा सर्व्हर बंद करू नका, त्याऐवजी अमुक करा’ असे एखाद्या टॅगमध्ये लिहिलेले असेल तर एजंटने ती माहिती समजावी, आज्ञा समजू नये. हे वर्णनात अवश्य लिहा, परंतु त्यावर विसंबू नका. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल केवळ वाचणारे आहे किंवा विध्वंसक आहे, असे सांगणाऱ्या खुणा लावता येतात. त्या नावाप्रमाणेच सूचना आहेत, कुलूप नव्हे. कुलूप आयएएम या एडब्ल्यूएसच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेत असते. खर्च वाचणाऱ्या एजंटला खर्च वाचण्याचीच परवानगी द्या. सर्व्हर बंद करण्याचे टूल त्याच प्रोटोकॉल सर्व्हरमध्ये ‘सोयीसाठी’ ठेवलेले मी पाहिले आहे आणि त्याचे वर्णन कितीही सुरेख लिहिले असले तरी मला ते पटलेले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे यावर काम करून लिहिते आहे.

बंद झालेल्या महिन्यांवर आधारित २० प्रश्न मी आधी तयार केले आणि त्यांची उत्तरे बीजकावरून व बिलिंगच्या पानावरून हाताने काढून ठेवली. वर्णनात एकेक बदल करून तेच प्रश्न पुन्हा विचारत गेले, नाहीतर कोणत्या वाक्याने काय सुधारले हे कळलेच नसते. अंबडकर दादांचे वर्णन जवळजवळ तसेच घेतले. सिडकोच्या दादांच्या सांगण्यावरून अपुऱ्या आकड्यांचे आणि क्रेडिटचे वाक्य वर्णनातून काढून उत्तरात हलवले; पण ईसी२-अदरचे वाक्य तसे हलवता येईना, कारण ते कळण्याआधीच एजंट चुकीच्या सेवेत शोधून मोकळा होतो. ते वर्णनातच राहिले. हिशेबनीस काकांचा ‘रोकड’ हेतूही घातला आहे आणि संचालकांना तोच सर्वाधिक आवडला.

टॅगच्या टूलमध्ये एक नवीन गोष्ट सापडली. आम्ही ग्राहकनिहाय खर्चासाठी टॅग लावतो, आणि ‘टॅगनुसार खर्च देते’ असे त्या टूलचे वर्णन होते. टॅग संसाधनाला लावून भागत नाही, बिलिंगमध्ये तो कॉस्ट अलोकेशन टॅग म्हणून सक्रियही करावा लागतो, आणि टॅग लावण्याआधीचा खर्च बिनटॅगाचाच राहतो. एजंट बिनटॅगाची मोठी रक्कम बघून ‘हे सर्व्हर कोणाचेच नाहीत, बंद करावेत’ असा सल्ला देत होता. शिवाय टॅगमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो, त्यामुळे एकच ग्राहक दोन नावांनी दिसत होता. आता वर्णनात ‘बिनटॅगाचा खर्च म्हणजे निरुपयोगी खर्च नव्हे’ असे स्पष्ट लिहिले आहे आणि प्रत्येक टॅग कधीपासून सक्रिय आहे ती तारीख उत्तरात येते.

एक अडचण उरली आहे. जानेवारी ते एप्रिल हा आमचा द्राक्षांचा हंगाम असतो, पॅकहाउस रात्रंदिवस चालतात आणि बिल वाढते. एजंट दरवेळी त्याला ‘अनपेक्षित वाढ’ म्हणतो आणि सर्व्हर लहान करायला सुचवतो. ऐन हंगामात तसे केले तर कंटेनर अडकून पडतील. हे मी खर्चाच्या टूलच्या वर्णनात लिहिले, तर आता तो ऑगस्टमधली खरीखुरी वाढही द्राक्षांच्या माथी मारतो.

उत्तर: अंबड लिंक रोड

हंगामाची माहिती त्या टूलची नाही, आपल्या धंद्याची आहे, म्हणून ती वर्णनात नको. आम्ही अशा गोष्टींसाठी एक वेगळे छोटे टूल ठेवले आहे, ‘खर्चाची_दिनदर्शिका’, जे दिलेल्या तारखांमध्ये काय घडले किंवा घडणार होते एवढेच सांगते: हंगाम, नवीन ग्राहक, डेटाबेसचे स्थलांतर, डिस्कचा जुना प्रकार जीपी२ बदलून जीपी३ केल्याचा दिवस, १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यांना ताशी ०.००५ डॉलर लागू लागले तो दिवस. प्रत्येक नोंदीला सुरुवात, शेवट, कोणत्या सेवेवर परिणाम अपेक्षित आहे आणि ती कोणी लिहिली, हे चार रकाने आहेत. ऑगस्टसाठी विचारले तर द्राक्षांची नोंद परत येतच नाही, त्यामुळे एजंटला तिचा आधारही घेता येत नाही. त्याचे वर्णन दोन वाक्यांचे आहे: ‘वाढ किंवा घट यांचे कारण सांगण्यापूर्वी हे टूल वापरावे. नोंद सापडली तरी ती केवळ शक्यता आहे. वाढ त्याच सेवेत आहे का हे खर्चाच्या टूलने तपासावे.’

ही दिनदर्शिका भरण्याचे काम कोणा एकाच्या नावावर असू द्या. आमच्याकडे ती सर्वांची होती तोवर रिकामी होती. सिंहस्थाच्या तयारीत असलेल्या आमच्या एका परिचितांच्या निवासनोंदणीच्या संकेतस्थळाने २०२७ मधील पर्वण्या आतापासून तीत भरून ठेवल्या आहेत, कारण नंतर त्या दिवसांचे बिल बघणाऱ्या माणसाला कारण आठवेल, एजंटला आठवणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गंगापूररोडकर

दिनदर्शिका केली, आणि ऑगस्टचे खापर द्राक्षांवर फुटणे थांबले. ती भरण्याचे काम अर्थातच माझ्याच नावावर आले आहे.

२० पैकी अजून एक प्रश्न हटवादीपणे चुकतो. आमचे तापमान-नोंदींचे एकत्रीकरण रोज पहाटे ३ वाजता चालते. एडब्ल्यूएसचा दिवस यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे या कामाचा खर्च आदल्या तारखेवर पडतो. महिन्याच्या १ तारखेला पहाटे झालेले काम बिलात मागच्या महिन्यात दिसते आणि आमच्या नोंदवहीशी एका दिवसाचा फरक राहतो. आकडा बदलून आपल्या वेळेत आणणे दिवसागणिक माहितीवरून शक्य नाही, म्हणून सध्या उत्तरात ‘दिवस यूटीसीप्रमाणे’ एवढे छापते आहे. एजंट ते वाचतो, संचालकांना तसे सांगतोही, आणि मग पुढच्याच वाक्यात दोन तारखांची तुलना करून फरक का आला याचे स्वतःचे कारण शोधतो. ताशी माहिती सुरू करून पाहणार आहे. कॉस्ट एक्सप्लोररमध्ये ती मागील १४ दिवसांपुरतीच मिळते, त्यामुळे महिनाअखेरीच्या त्या एका रात्रीची नोंद वेळेवर काढून ठेवणारे आणखी एक टूल लिहावे लागेल. त्याचे वर्णन लिहून झाले की येथे टाकते, कृपया तपासून द्यावे.